फळीवरची बाटली

त्या साली अधिक भाद्रपद आला आणि पुढचे सगळे सण मागे सरकले. दिवाळीतच थंडी पडली. एरवी कार्तिकातला काकडा अंगात नुसती बंडी घालून म्हणता येतो. त्या साली माणसं घोंगड्या पांघरून देवळात येऊ लागली.

देऊळ विठ्ठलाचं, डोंबिवली गावातलं. स्टेशनाकडची वस्ती वेगळी आणि गाव वेगळं, मधे भाताची खाचरं, असे ते पंचावन्न सालचे दिवस. देवळाचा सभामंडप तिन्ही बाजूंनी उघडा होता. भजनी मंडळी खाली जाजमावर बसत, आणि उजवीकडच्या खांबाशी एकटा गोपीनाथ भोईर स्टुलावर बसे, कारण त्याची पेटी पायपेटी होती. हातपेटीला एका हाताने भाता मारावा लागतो. पायपेटीला खाली शिवणयंत्रासारखी दोन पायडलं असतात. ती पायाने दाबत राहायचं, वारा भरत राहतो, आणि दोन्ही हात वाजवायला मोकळे.

गोपीनाथला हातपेटी वाजवता येत नव्हती असं नाही. तरुणपणी तो तीच वाजवत असे. पण मिठागरात काम करताना मिठाची पाटी घेऊन तो बांधावरून पडला आणि डावा खांदा निखळला. हाडवैद्याने बसवला तो वाकडाच बसला. तो हात पुढे येई, पट्ट्यांवर टेके, बोटं चालत, पण भाता मारायला काही वळत नसे. वर्षभर तो देवळात मागे बसून नुसते टाळ बघत राहिला. तेव्हा ठाण्यात एक नाटक मंडळी मोडली आणि तिचं सामान विकायला निघालं. त्यात पायपेटी आहे असं गोदाच्या कानावर आलं. गोदा म्हणजे त्याची बायको. तिने त्याला विचारलंसुद्धा नाही. भावाला गाडी जुंपायला लावली, स्वतः ठाण्याला गेली आणि पेटी घेऊन आली.

"हात चालत नाय ना? पाय तर चालतात," ती म्हणाली. "बसा."

तेव्हापासून तो खांबाशी बसला तो बसलाच. म्हणजे हिशेब सरळ होता. पायपेटी चालली तर गोपीनाथ पेटीवाला, नाही तर टाळ बघणारा.

गोदा आषाढात तापाने गेली. मूलबाळ नव्हतं. ती गावातल्या बायकांच्या चोळ्या शिवायची, त्यामुळे घरात सारखा मशीनचा आवाज असे. ती गेल्यावर मशीन कोपऱ्यात गप्प उभं राहिलं, ते गोपीनाथला बघवेना. तेरावा झाला त्याच दिवशी त्याने गोदाच्या धाकट्या बहिणीला, बायजाला सांगितलं, "हे घेऊन जा. तू शिवतेस, तुझ्या कामाला येईल." बायजा कल्याणला दिलेली. ती रडत रडत मशीन आणि त्याचं किडुकमिडुक गाडीत घालून घेऊन गेली.

मशीन गेलं तरी त्याला घरात बसवेना. जेवायला बसला तरी उजवा पाय खाली हलत राही, जसा काही पायडलावर आहे. अर्धी भाकरी टाकून तो उठे आणि खाडीच्या बांधावर चालत सुटे. परत आला की देवळात. देवळातून घरी. शेजारची सखुबाई म्हणे, "अरे, एका जागी बस की जरा. तुझी पावलं ऐकून मला धाप लागते."

एका गोष्टीपुरता मात्र तो स्थिर बसे. जायच्या आधी दोन दिवस गोदाला शुद्ध होती. तेव्हा ती म्हणाली होती, "पेटीला तेल घालत जा. फळीवर बाटली हाय." घरातलं बाकी काही तिने सांगितलं नाही, एवढंच सांगितलं. तेल घालायचं काम नेहमी तिचंच असे. तो बाहेर असताना ती ते कधी उरकी, त्याने कधी बघितलं नव्हतं. आता तो फळीवरची बाटली बंडीच्या खिशात घालून संध्याकाळी देवळात जाई, पेटी आडवी करी आणि पायडलांच्या बिजागऱ्यांत, खालच्या लोखंडी दांड्याला, चामड्याच्या पट्ट्यांना तेल सोडी. बोटाने चोळी. पुष्कळ वेळ चोळी. बाटलीला बूच लावायची त्याला घाई नसे.

कोजागिरीला काकडा बसला. सुरुवातीचे दिवस पेटी छान चालली. दिवाळी सरली आणि एके पहाटे त्याने पाय ठेवला तर पायडल खालीच जाईना.

त्याने जोर लावला. पायडल गेलं, पण वर यायला वेळ लागला. भात्यात वारा पुरेना. अभंगाच्या मध्यावर पेटीचा सूर असा खाली बसला की म्हणणाऱ्यांचे आवाज उघडे पडले. सगळ्यांनी मागे वळून बघितलं. गोपीनाथने दात आवळून पाय मारले. थंडीत त्याच्या कपाळावर घाम आला. आरती होईपर्यंत पायडलं जराशी सैल झाली, आणि ऊन मंडपात आल्यावर बघितलं तर काही झालंच नाही अशी चालू लागली.

"तेल कमी पडलं," तो मनाशी म्हणाला. त्या संध्याकाळी त्याने दुप्पट तेल सोडलं.

दुसऱ्या पहाटे पायडलं आणखी जड.

असं रोज होऊ लागलं. संध्याकाळी बघावं तर हलकी, पहाटे बघावं तर दगड. जितकं तेल जास्त, तितकी जास्त जड. मंडळींत पोपट म्हणून एक तरणा पोरगा होता, लग्न झालेला, रेल्वेत लागलेला. त्याने कल्याणहून नवी हातपेटी आणली होती. मनाने वाईट नव्हता, पण तोंड गप्प बसत नसे.

"काका, पेटी वाजवताय का उसाचा चरक चालवताय?"

"तू येऊन बस इथं. मग कळंल."

"बसलो असतो, पण मला घरी चालत जायचंय."

मंडळी हसली. गोपीनाथही हसला, पण हसणं तोंडापुरतंच.

मंडळींचा मुख्य काळुराम होता. पखवाज त्याच्याकडे. त्याने एके दिवशी आरतीनंतर गोपीनाथला देवळामागे नेलं.

"गोपीनाथ, त्रिपुरी पौर्णिमेला समाप्ती हाय. कल्याणची मंडळी येणार. त्यांच्यासमोर असा सूर बसला तर गावाची लाज जाईल."

"मी मिस्त्री आणतो."

"आण. पण समाप्तीच्या पहाटे पेटी नीट नाय चालली तर पोपटला बसवीन. आनी एकदा तो बसला की पुढल्या साली त्याला ऊठ म्हणायला मी जाणार नाय. आताच सांगून ठेवतो."

काळुरामने जरा थांबून, आवाज उतरवून दुसरी गोष्ट काढली.

"राग नको धरू. पण गोदाला जाऊन वरीस नाय झालं. वरीस व्हायच्या आत तू पेटीवर बसलास. तिला आवडत नसंल."

"देवाचं काम हाय, काळुराम. लग्नाची वरात नाय."

"मी कुठं काय म्हणतो? पण पेटी तिनं आणलेली. आनी बघ की, पहाटेच अडते. बाकी दिवसभर नाय. लोक बोलतात, मी आपलं तुला सांगितलं."

हे बोलणं गोपीनाथच्या डोक्यात जाऊन बसलं. तो बांधावर गेला आणि चालत राहिला. मिठागरं अजून कोरडी होती, खाडीचं पाणी आत घेतलेलं नव्हतं. गोदाला नको असेल तर ती सांगेल कशी? अशीच सांगेल. जिवंत होती तेव्हाही तिला एखादी गोष्ट नको असली की ती बोलत नसे, नुसती जड होऊन बसे. पण मग तेल घालत जा असं कशाला म्हणाली? तो उलट फिरला, परत गेला, पुन्हा फिरला. एक गुराखी त्याच्याकडे बघत उभा राहिला होता, ते त्याला फार उशिरा दिसलं.

ठाण्याला जाऊन त्याने दगडू मिस्त्रीला आणलं. दगडूचं तळ्याजवळ दुकान होतं आणि पेट्या दुरुस्त करण्यात त्याचं नाव होतं. आला तो दुपारी, ऊन टळटळीत असताना. पेटीसमोर मांडी घातली, डबी काढली, दोन्ही नाकपुड्यांत तपकीर भरली, डोळे पुसले आणि हाताने पायडल दाबलं. पायडल अलगद खाली गेलं, अलगद वर आलं.

"लोण्यासारखं चाललंय. काय झालंय याला?"

"पहाटे अडतं."

"पहाटे कशी पेटी अडेल? पेटीला काय पहाट कळते?"

"तुम्ही पहाटे येऊन बघा."

"भोईर, मी ठाण्याचा. पहाटे माझी बायको मला सोडत नाय." तो आपल्याच बोलण्यावर हसला. मग गोपीनाथचा चेहरा बघून आत डोकावला. "एवढं तेल कशाला ओतलंय?"

"बायको घालायची."

"मग घाला. बायकोचं ऐकावं." त्याने खालच्या स्प्रिंगा थोड्या ढिल्या केल्या, पट्टे एकेक भोक आवळले आणि उठला. "पेटी ठणठणीत हाय. आता तेल पेटीला बास, पायाला लावा. वय झालं की पाय जड होतात."

दुसऱ्या पहाटे पायडलं जागची हललीच नाहीत म्हटलं तरी चालेल. स्प्रिंगा ढिल्या केल्यामुळे खाली गेलेलं पायडल वरच येईना. गोपीनाथ पायाच्या अंगठ्याने ते उचलून घेई आणि परत दाबी. पोपटने त्या दिवशी चेष्टा केली नाही. तो मान खाली घालून टाळ वाजवत राहिला. चेष्टेपेक्षा ते जास्त लागलं.

समाप्तीच्या आदल्या दिवशी बायजा कल्याणहून आली. दर वर्षी समाप्तीला ती बहिणीकडे येत असे, त्या साली दाजींकडे आली. आल्या आल्या तिने केर काढला, चूल सारवली आणि भात टाकला. गोपीनाथ उंबऱ्यात बसला होता. पाय हलत होता.

"दाजी, तो पाय थांबवा. माझं डोकं फिरतंय."

"बायजे, एक विचारू?"

"विचारा."

"गोदाला आवडत नसंल का गं, मी वाजवतो ते?"

बायजा पळी घेऊन बाहेर आली. "कोण म्हणालं?"

"काळुराम. आनी लोक."

"लोकांना काय धंदा नाय! तायनं ती पेटी गाडीत घालून आणली. येताना पाऊस आला तर स्वतः भिजली आनी लुगड्याचा पदर पेटीवर घातला. तिला नको असती तर खाडीत टाकली असती तिनं. तुम्हालापण टाकलं असतं."

गोपीनाथला हसू आलं आणि लगेच गेलं. "मग अडते कशाला?"

"ते मला काय ठाऊक? मी बघते उद्या."

"दगडू मिस्त्रीला नाय समजलं."

"मिस्त्री पुरुष हाय. त्याला मशीन पुसायचं कधी ठाऊक?"

पहाटे दोघं देवळात गेली तेव्हा मंडप भरला होता. कल्याणची मंडळी पुढे बसली होती, नवे फेटे, नवे टाळ. काळुराम पखवाजाला कणीक लावत होता. पोपटने आपली हातपेटी आणली होती, पण कापडात गुंडाळून मांडीशी ठेवली होती. थंडी अशी होती की बोलताना तोंडातून वाफ निघत होती.

गोपीनाथ स्टुलावर बसला आणि पाय ठेवला. पायडल हललं नाही. दुसरं दाबलं, तेही हललं नाही. त्याने काळुरामकडे बघितलं. काळुरामने नजर चुकवली आणि पोपटला म्हणाला, "सोड रे कापड."

पोपट कापडाची गाठ सोडायला लागला. मुद्दाम सावकाश सोडत होता.

तेवढ्यात बायजा कंदील घेऊन बायकांतून पुढे आली आणि पुरुषांच्या मधून जाऊन सरळ पेटीसमोर गुडघ्यांवर बसली. कोणी काही म्हणायच्या आत तिने कंदील खाली धरला आणि मान आत घातली. बिजागऱ्यांत, दांड्याभोवती काहीतरी पांढरं साचलं होतं, मेणासारखं. तिने ते नखाने खरवडलं. बोटांच्या उबेने ते विरघळलं आणि चकाकायला लागलं. तिने बोट नाकाशी नेलं.

आणि ती तशीच राहिली.

"बायजे, काय हाय?" गोपीनाथने खाली वाकून विचारलं.

"दाजी, हे तायच्या डोक्याचं तेल."

"हां. फळीवरची बाटली. तिनंच सांगितलं."

"खोबरेल हाय हे! माका घालून कढवलेलं. थंडीत गोठतं हे, दाजी. डोक्याला लावताना बाटली चुलीशी धरायची ती, बघितलं नाय कधी?"

"तिनं सांगितलं, फळीवर बाटली हाय—"

"ती मशीनच्या तेलाची बाटली!" बायजाचा आवाज चढला आणि मधेच फाटला. "फळीवरच, मशीनच्या बाजूला होती. मशीनसंगती माझ्याकडं आली. तुमच्या फळीवर राहिली ती डोक्याची." ती हसत होती की रडत होती ते गोपीनाथला कळेना. बहुतेक तिलाही कळत नव्हतं. "इतके दिवस पेटीची वेणी घातलीत!"

वास गोपीनाथला पहिल्या दिवसापासून कळत होता. खोबरेल आहे हेही कळत होतं. पण गोदाने फळीवरची बाटली सांगितली होती आणि फळीवर तीच बाटली होती. आणि खरं सांगायचं तर तो वास आला की त्याला पुढचं काही विचारायचं सुचत नसे.

"आता काय करायचं?" काळुराम उभा राहिला होता. "मंडळी खोळंबलीत."

बायजा उठली, आवारात शेकोटी पेटली होती तिथे गेली आणि घमेल्यात निखारे घेऊन आली. तिने घमेलं पायडलांच्या पुढे, हातभर अंतरावर ठेवलं.

"अगं, देऊळ जाळतेस का!" काळुराम ओरडला.

"जळलं तर कल्याणचं पाणी आणून विझवीन. जरा दम धरा, काळुरामदादा. लोणी कढतं तसं कढंल."

पोपटने कापडाची सुटलेली गाठ परत बांधली. हे फक्त गोपीनाथने बघितलं.

थोड्या वेळाने बिजागरीतून एक थेंब सुटला आणि खालच्या फरशीवर पडला. मग दुसरा. गोपीनाथने पाय ठेवला. पायडल कुरकुरलं, हललं, आणि खाली गेलं. ढिल्या स्प्रिंगेने ते सावकाश वर आलं, पण आलं. त्याने दुसरा पाय दाबला. भात्यात वारा भरला. त्याने सूर धरला आणि काळुरामने पखवाजावर थाप मारली.

पहिला अभंग निम्मा झाला असेल. निखाऱ्यांच्या उबेने तेल तापत गेलं आणि वास मंडपात पसरला. माका, खोबरेल आणि मागे थोडा कापूर. बायकांत कुजबूज झाली. सखुबाई डोळ्यांनी अधू, ती मागच्या खांबाला टेकून बसली होती. ती मोठ्याने म्हणाली, "गोदा आली का गो?"

बायजाने तोंडाला पदर लावला. गोपीनाथने मान खाली घातली आणि पाय मारत राहिला. स्प्रिंगा ढिल्या, पट्टे आवळलेले, एकेक पायडल वेगळ्या वेळेला वर येत होतं. त्याला प्रत्येक पायाकडे वेगळं लक्ष द्यावं लागत होतं, म्हणून तो रडला नाही. सूर एकदाही बसला नाही. आरती झाल्यावर कल्याणच्या मंडळींतला एक म्हातारा उठून पेटीजवळ आला, वास घेतला आणि म्हणाला, "धूप चांगला हाय तुमचा. कुठनं आणता?"

"घरचा हाय," गोपीनाथ म्हणाला.

काळुराम जाता जाता थांबला. "पुढल्या कोजागिरीला वेळेवर ये," एवढंच बोलला. लोक काय म्हणतात ते त्याने पुन्हा काढलं नाही.

दुपारी जेवणाची पंगत उठल्यावर बायजा आणि गोपीनाथ परत देवळात आले. बायजाने रॉकेल आणलं होतं आणि पिशवीतून मशीनच्या तेलाची बाटली काढली. ती येताना घेऊन आली होती, कारण गोदा समाप्तीनंतर पेटीला तेल घालायची हे तिला ठाऊक होतं. दोन्ही बाटल्या औषधाच्याच होत्या, एका मापाच्या. गोपीनाथने त्या शेजारी ठेवून बघितल्या.

त्याने दांडा काढला, बिजागऱ्या सोडवल्या आणि रॉकेलमध्ये बुडवलेल्या चिंधीने पुसायला लागला. रॉकेलचा वास उठला आणि दुसरा वास त्याच्याखाली गेला. तो पुसत होता, थांबत होता, उठून मंडपात चकरा मारत होता, परत येऊन बसत होता. बायजाने बिजागऱ्यांत मशीनचं तेल सोडलं, थेंब थेंब, बहिणीसारखंच. स्प्रिंगा परत ताणून दिल्या. दांडा बसवला. गोपीनाथने पायडल दाबलं. ते गेलं आणि आलं, आवाजसुद्धा नाही.

"पट्टे राहिले, दाजी," बायजा म्हणाली. दोन चामड्याचे पट्टे तेलाने काळे झाले होते. "द्या, पुसते."

गोपीनाथने चिंधी दिली नाही. "राहू दे. चामड्याला तेल चालतं."

"खोबरेलावर उंदीर येतात. एका रात्रीत कुरतडतील."

"येऊ दे."

"येऊ दे काय? पट्टा तुटला की पेटी बंद. परत पोपट बसेल."

गोपीनाथने पट्ट्यावरून अंगठा फिरवला. पाय हलत होता, पण आता पायडल त्याच्याबरोबर हलत होतं.

"मांजर पाळीन," तो म्हणाला.

बायजाने त्याच्याकडे बघितलं. मग रॉकेलच्या बाटलीला बूच लावलं. गोपीनाथने खिशातून गोदाची बाटली काढली. तळाला बोटभर तेल उरलं होतं, पांढरं, गोठायच्या बेताला आलेलं. ती त्याने तिच्या हातात दिली.

"हे तू घेऊन जा. डोक्याला लाव. डोक्याचं तेल डोक्यालाच लागलेलं बरं."

ऊन उतरायला लागलं तेव्हा बायजा गाडीत बसली. गाडी वळणाआड जायच्या आधीच गोपीनाथ निघाला होता. घरी गेला नाही. बांधावरही नाही. मिठागराच्या कोठाराशी मांजर व्यालंय असं कोणीतरी म्हणालं होतं, तिकडे तो भरभर चालला होता. काळोख पडायच्या आत पिल्लू देवळात नेऊन सोडायचं होतं.